रक्त बदलत नाही याचा छापील पुरावा

माझा थोरला भाऊ काटोलकडच्या आमच्या गावाचा दोनदा सरपंच होता. त्या काळात गावात जे जे झालं नाही, त्या सगळ्याचे कागद त्यानं आजही फायलीत नीट लावून ठेवले आहेत. छापलेल्या अक्षरावर त्याची अशी श्रद्धा की चिवड्याच्या पुडीचा कागदसुद्धा तो चिवडा संपल्यावर मांडीवर सरळ करून वाचतो आणि त्यातलं खरं मानतो. तोंडानं सांगितलेलं मात्र त्याच्या कानाच्या पाळीपर्यंत जाऊन परत येतं, मग सांगणारा डॉक्टर असो की सख्खी बहीण.

माझा मुलगा आणि दादाची मुलगी यांचं लग्न तिच्या बारशालाच ठरलं होतं. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो. तो कुणी दिला, कधी दिला हे विचारायचं नसतं. सुदैवानं ही दोघं एकमेकांना आवडायची, म्हणजे हक्क बजावायला कुणाला ओढत न्यायची गरज नव्हती. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली. पंधरा दिवस उरले, आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात नव्यानं लागलेल्या माझ्या मुलाची तिथं तब्येतीची तपासणी झाली. त्यात तो सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा वाहक निघाला.

वाहकाला सहसा काही होत नाही. तो आयुष्यभर तर्रीपोहे खाऊन मजेत जगतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर होणाऱ्या प्रत्येक लेकराला तो आजार पुरता होण्याची भीती चारात एक. मग ते लेकरू हाडं दुखून रडतं आणि त्याचं निम्मं बालपण दवाखान्यात जातं. लगेच मी आणि माझ्या नवऱ्यानंही रक्त तपासून घेतलं. नवरा स्वच्छ निघाला, मी वाहक. म्हणजे मुलात हे आलं ते माझ्याकडून, आणि माझ्यात आलं ते माझ्या माहेराकडून. हे कळायला काही मोठं गणित लागत नाही. मी एसटी पकडली, गावी गेले आणि दादाला म्हटलं, पोरीचं रक्त एकदा तपास, सुई टोचण्यापुरतं काम आहे.

दादा म्हणाला, आपल्या घरात असलं काही नाही. मी म्हटलं, मी याच घरची, आणि माझ्यात आहे. त्यावर त्यानं सुपारी कातरली, खाल्ली, अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन थुंकून आला आणि बोलला, "तू आता आपल्या घरची कुठं राह्यली वं? लग्न लागलं, गोत्र बदललं, तं रक्तही बदललं. तुह्यात हाये ते सासरचं हाये."

माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट स्वच्छ आहे, असं मी सांगितलं. दादानं क्षणभर विचार केला आणि मग सासूचं असन म्हणाला. माझी सासू जाऊन बारा वर्षं झाली. तिनं हयातीत माझ्यावर बरंच काही टाकलं, पण रक्त टाकल्याचं मला आठवत नाही.

शेवटी त्यानं अट घातली. लग्नानं बाईचं रक्त बदलत नाही असं छापील दाखव. मराठीत. तसं दाखवलंस तर दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन येतो.

यापेक्षा सोपं काम जगात नसेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या भागातल्या वाचनालयात हजर. तीस वर्षांची सभासद मी. पण आत पुस्तकांपेक्षा स्पर्धा परीक्षेची मुलं जास्त, प्रत्येकाखाली उशी आणि समोर पाण्याची बाटली. काही तर इतक्या वर्षांपासून बसली आहेत की त्यांना खाली मुळं फुटलीत. पंख्याखालच्या एकाला शिपाई दर सोमवारी झारीनं पाणी घालतो, अशी माझी पक्की माहिती आहे. संगणकावर 'अनुवंश' शोधला तर तीन पुस्तकं निघाली. एक एका घराण्याचा इतिहास. दुसरं, हमखास मुलगाच व्हावा म्हणून बाईनं काय खावं त्याचं. तिसरं मात्र खरोखरच आनुवंशिक रोगांवर होतं, पण जाग्यावर नव्हतं. नेणारे सभासद कैलासवासी झाले होते आणि पुस्तक त्यांच्या मुलाकडे होतं.

मी त्या मुलाचं घर गाठलं. तो म्हणाला, बाबांची आठवण आहे, देता येणार नाही. त्याच्या दोन भावांनीही त्या पुस्तकावर दावा सांगितला होता. आनुवंशिकतेचं पुस्तक वारसाहक्कानं एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेलं होतं आणि दोन्ही पिढ्यांनी ते उघडलं नव्हतं. पानं चिकटलेली होती. त्यांच्या व्हरांड्यात बसून, फुटपट्टीनं एकेक पान सोडवत, मी ते अख्खं वाचलं. वाटाण्यांबद्दल भरपूर होतं. लग्न झालेल्या बाईबद्दल एक ओळ नव्हती.

चार दिवस गेले. मग ओळख काढून मी डॉक्टरकी शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिरले. दारावरच्या माणसानं विचारलं, पेशंट की डॉक्टर? मी म्हटलं, बहीण. या उत्तरासाठी त्याच्या रजिस्टरात रकाना नव्हता, म्हणून त्यानं मला सोडलं.

तिथली ग्रंथपाल माझ्या मुलीच्या वयाची. मी सगळी हकीकत सांगितली, गोत्रासकट. ती हसली नाही, हे तिचं माझ्यावरचं मोठं ऋण. तिनं आधी मला दटावूनच सांगितलं की ते चिकट पानांचं पुस्तक विसरा. या विषयात जुनं पुस्तक म्हणजे शिळं पुस्तक, छपाईचं वर्ष बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. फोनवर पहिलं जे दिसेल ते खरं धरायचं नाही, लिहिणारा कोण, ते कोणी तपासलं, ते बघायचं. मोठे ग्रंथ इंग्रजीत असतात, पण आरोग्य खात्याच्या मराठी पुस्तिका निघतात, त्या कुणी मागत नाही म्हणून खालच्या कपाटात असतात. अशी एक तिनं काढून दिली. इतकी सोपी होती की मी शिकवते त्या शाळेत सहावीच्या पोरांना एका तासात शिकवता आली असती. वाहक म्हणजे काय, दोघं वाहक असले तर काय, सगळं रंगीत चित्रांसकट. फक्त दादाचं वाक्य नव्हतं.

तिनं दोन दिवस शोधलं. इंग्रजीत शोधलं, हिंदीत शोधलं, पार भूगर्भापर्यंत गेली असेल. तिसऱ्या दिवशी चष्मा काढून म्हणाली, "काकू, हे वाक्य कुठेच नाही. कुणी असं विचारेल, हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलेलं नाही."

"त्यांना माझा भाऊ भेटला नाही," मी म्हटलं.

मग तिनं विचारलं, तुमचे भाऊ करतात काय? मी सांगितलं, संत्र्याचा बगीचा आहे आणि गवळाऊ गाई आहेत, ज्यांच्यावर तो बायकोपेक्षा जास्त खर्च करतो. तिनं थोडा विचार केला आणि गुरांच्या डॉक्टरांच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला.

आणि तिथं ते होतं. पशुपालकांसाठी काढलेल्या एका मराठी पुस्तिकेत, चांगल्या ठळक अक्षरांत. गाय विकत घेताना ती मुळात कोणत्या कळपातली ते पाहावं, कारण मालक बदलला तरी तिच्यातले गुणदोष बदलत नाहीत आणि वासरात उतरतात. खाली आणखी होतं की दिसायला धडधाकट वळूतही लपलेला दोष असू शकतो. बाईबद्दल जे लिहायची कुणाला गरज वाटली नाही, ते गाईबद्दल कुणा शहाण्यानं लिहून, छापून, गावोगाव वाटून ठेवलं होतं. मी त्या पानाची प्रत घेतली. खरं सांगते, वाटेत बसमध्ये मला आनंद आणि संताप यातलं नेमकं काय होतंय ते कळत नव्हतं.

साक्षगंधाला पाच दिवस होते. दादानं बोट ठेवून ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मनात म्हटलं, जिंकले. तो उठला, चप्पल घातली आणि तडक गोठ्यात गेला.

गेल्या वर्षी त्यानं आर्वीकडून एक वळू आणला होता. दिसायला असा देखणा की त्याला बघायला शेजारच्या तालुक्यातून माणसं येत, आणि दोघाचौघांनी तर त्याच्यासाठी नवस बोलल्याचं मी ऐकलंय. दादा त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, वरून देखणा हाये, पण आतून काय असन कोणाले मालूम? लगेच फोन लावून त्यानं दुसऱ्या दिवशीची पिकअप ठरवली. वळू नागपूरला नेऊन पुरता तपासून घ्यायचा.

"आणि पोरगी?" मी विचारलं.

"पोरीचं काहून काढून राह्यली मधातच?" तो म्हणाला.

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी वळू गाडीत चढवला. त्याला चढवायला नऊ माणसं लागली, दहावा मी धरत नाही, तो नुसता ओरडत होता. दादा पुढं बसायला गेला तर तिथं आधीच त्याची पोरगी बसलेली, मांडीवर पर्स घेऊन. या सगळ्या प्रकरणात तिला एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

ती म्हणाली, "बाबा, सांडाले नेता तं मले बी न्या. नाही तं त्याले बी उतरवा."

दादानं ड्रायव्हरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मागं वळूकडं पाहिलं. त्या नऊ माणसांना पुन्हा बोलवायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

"सरक तिकडं," तो म्हणाला.

नागपूरला रामदासपेठेत, डॉक्टरांच्याच वस्तीत, रक्त तपासणीच्या दुकानासमोर आमची पिकअप उभी राहिली तेव्हा सगळी वाहतूक थांबली. दोन हृदयरोगतज्ज्ञ आपापले पेशंट टाकून बाल्कनीत आले. वळूनं एका बंगल्याचं मेंदीचं कुंपण वरच्या बाजूनं एकसारखं खाऊन दिलं, माळ्याला इतकं नीट जमलं नसतं. आत पोरीनं हात पुढं केला. तिच्या शेजारी दादानंही बाही वर केली. म्हणाला, माहंही घ्या, एकदाचं दाखवूनच देतो बहिणीले. मग गाडी गुरांच्या दवाखान्यात गेली.

रिपोर्ट आले. दादा वाहक. पोरगी वाहक. तिघांत वळू तेवढा निर्दोष निघाला.

रिपोर्ट घ्यायला माझा मुलगाही खापरखेड्याहून आला होता. सल्ला द्यायला बसलेल्या बाईंनी दोघा पोरांना शांतपणे समजावलं. लग्नाला बंदी नाही, गरोदरपणात लवकर तपासणी करता येते, निर्णय तुमचा. दोघं बाहेर निंबाखाली तासभर बसून राहिली. आम्ही काचेतून बघत होतो, जसं काही कळणार होतं. परत आली तेव्हा माझ्या मुलाचे डोळे लाल होते. पोरगी सरळ माझ्याकडं आली.

"आत्या, आत त्या रांगेत एक बाई होती. लेकराचे पाय दाबून राह्यली होती. ते रडत बी नव्हतं, सवय झाली असन त्याले," ती म्हणाली. "मले नाही जमणार."

साक्षगंध मोडलं. दादानं नातेवाइकांना खरं कारण सांगितलं, एकेकाला फोन करून, कारण आता त्याच्याकडे छापील होतं. निम्म्यांनी आमच्याकडे येणं सोडलं. गावच्या लग्नांत जेवणाच्या पंगतीत आता त्याच्या शेजारी बसायला लोक घाबरतात, कारण तो मठ्ठा वाढायच्या आधी रक्ताचा रिपोर्ट मागतो.

परवा यवतमाळकडचे पाहुणे मुलगी पाहायला आले. दादानं पोह्यांच्या बशांबरोबर तिचा रिपोर्ट मांडला आणि मुलाचा मागितला. मुलाचा काका म्हणाला, आम्ही पोरगी पाहायले आलो, दवाखान्यात नाही. आणि सगळे उठले. दादानं मला संध्याकाळी फोन केला. त्याला मी इतक्या वर्षांत इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. पोहे तसेच राहिले म्हणाला.

"मग टाकून दिले?" मी विचारलं.

"नाही वं. पोरीनं अन् म्या खाल्ले. चांगले झाले होते. तिनंच केले."