ब्रेक ठीक होते

हिर्शबाखमध्ये मोटारसायकलचा आवाज आला की बायका पोरांना रस्त्यावरून आत ओढत, आणि पुरुष बाहेर येत. आवाज ओळखीचा असे. आर्नो उलिग वरच्या चढावरून सुसाट खाली यायचा, वळणावर गाडी आडवी घालायचा आणि चर्चच्या भिंतीपासून जेमतेम हातभर अंतर ठेवून निघून जायचा. त्याची आई मिना खिडकीशी लेस विणत बसलेली असे. तो गेला की ती दाताने दोरा तोडायची आणि म्हणायची, "गेला मेला." पण म्हणताना हसायची.

बाप खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा आर्नो शाळेतही जात नव्हता. मिनाने लेस विकून त्याला वाढवला. मोठा झाल्यावर त्याने गोठ्याच्या जागी दुकान काढलं. सायकली, शिवणयंत्रं, मोटारसायकली, जे मोडेल ते दुरुस्त करायचं. आसपासच्या डोंगरात चढाच्या शर्यती होत, त्यातल्या बहुतेक तोच मारी. चषक आईने कपाटावर मांडले होते. सगळ्यात मोठ्या चषकात ती कांदे ठेवायची.

ती वर्षं शर्यतीच्या रुपेरी मोटारींची होती. आमच्याकडे देवाच्या खालोखाल कुणी असेल तर त्या गाड्या. 'हिरवं झाड' नावाच्या आमच्या गुत्त्यात रेडिओ होता. शर्यतीच्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. रेडिओतून गाडी गेल्याचा आवाज आला तरी माणसं माना वळवून बघत. आणि त्या गाड्यांना हात लावणारा एक माणूस आमच्या गावचा होता, कुर्ट वायगेल्ट. खोऱ्यातल्या शहरात हार्टविगचा मोटारींचा कारखाना होता, तिथल्या शर्यतीच्या विभागात तो मेकॅनिक. ब्रेक त्याच्याकडे. आठवडाभर तिकडे राहायचा, शनिवारी घरी यायचा. इंजिनांच्या आवाजाने एक कान गेलेला, बोलणं कमी. बायको वारलेली, एकच मुलगी, फ्रीडल. आर्नो आणि फ्रीडल यांचं ठरल्यासारखंच होतं, फक्त कुणी बोललं नव्हतं.

छत्तीस सालच्या शरदात हार्टविगने नवे चालक पारखायचं ठरवलं. वायगेल्ट शनिवारी आला तो थेट आर्नोच्या दुकानात.

"आर्नो, मी तुझं नाव दिलंय."

"कशाला, काका?"

"कशाला म्हणजे? गाडीत बसायला. भांडी घासायला का बोलावतायत?" आणि जाताना दारातून म्हणाला, "आजवर कुणासाठी शब्द टाकला नाही मी. एवढं लक्षात ठेव."

निघायच्या दिवशी बँड आला. नाझी पक्षाच्या मोटार-दलाचा क्राम्प तपकिरी वर्दी चढवून पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "जर्मन पोराच्या छातीत भीतीला जागा नसते!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिना शेजारणीच्या कानाशी लागली, "भीतीला नसेल. कफाला आहे. दर हिवाळ्यात खोकतो."

आयफेलच्या जंगलात नुरबुर्गची शर्यतीची वाट आहे, पारख तिथे होती. चढ, उतार आणि वळणं, एकातून दुसरं निघणारी, आणि दोन्ही बाजूंनी झाडं. सकाळी धुकं होतं. आर्नोच्या आधी ज्याची पाळी होती तो उतारावर कुंपण तोडून आत गेला. त्याला स्ट्रेचरवरून आणला तेव्हा तो शुद्धीत होता, बडबडत होता, त्याचा एक बूट कुणीतरी हातात धरून मागून चालत होतं.

वायगेल्टने आर्नोच्या कानात कापसाचे बोळे कोंबले. इंधनाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. "पहिली फेरी फिरायला आल्यासारखी जा," तो ओरडून म्हणाला. "गाडी वाईट नाही रे. फक्त घाईची आहे."

पहिली फेरी झाली. आर्नो हसतसुद्धा होता. दुसऱ्या फेरीत त्याने पाय दाबला. मोटारसायकलवरची भीती त्याला ठाऊक होती. पोटात गुदगुल्या झाल्यासारखी ती यायची, त्याला आवडायची. ही वेगळी होती. सरळ रस्त्यावर, आधीच वाऱ्यासारखी धावत असलेली गाडी, जरा पाय दाबला तर मागून घसरून आडवी व्हायला लागली. ती त्याचं ऐकतच नव्हती. पुढे उतार आला. गवतावर सकाळचे काळे चरे होते आणि कुंपणात भगदाड. आर्नोचा पाय आपोआप वर आला.

त्याने पायाला सांगितलं, दाब. पाय हलला नाही. त्याने आईची शपथ घातली, स्वतःला घाणेरड्या शिव्या दिल्या. उरलेली वाट तो एखाद्या बसच्या वेगाने गेला. कुंपणापलीकडे एक बाई बटाटे काढत होती. ती उठली, एप्रनला हात पुसले आणि आरामात त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा त्याला नीट दिसला. शर्यतीच्या वेगाने जाणाऱ्याला तो दिसायला नको होता.

तो थांबला तेव्हा डॉक्टर फोस, शर्यतीच्या विभागाचे इंजिनियर, पुढे आले. "काय झालं?"

आर्नोने काही ठरवलं नव्हतं. शब्द तोंडात तयार होऊन बसला होता. "ब्रेक. डावीकडे ओढतायत."

फोस वळले. "वायगेल्ट, ब्रेक कुणी बसवले?"

वायगेल्ट फडक्याला हात पुसत होता. तो पुसतच राहिला. त्याने एकदा आर्नोकडे बघितलं. रागाने नाही, अंधारात पायरी चुकली की माणूस खाली बघतो तसं. "मीच," तो म्हणाला.

"दुसरी गाडी तयार आहे," फोस आर्नोला म्हणाले. "तिच्यात बसा."

"माझं मनगट मुरगळलंय."

यानंतर वायगेल्टने त्याच्याकडे बघितलं नाही. फोसना म्हणाला, "सकाळी घाई होती. नजरचूक झाली असेल माझी."

आर्नो एकटाच परत आला. मनगटाला त्याने आगगाडीतच रुमाल बांधून घेतला होता. स्टेशनवर अर्धं गाव उभं. त्याने ब्रेकचं सांगितलं, आणि पुढचं गावाने आपणच रचलं. संध्याकाळपर्यंत 'हिरवं झाड'मध्ये पक्कं झालं होतं की म्हाताऱ्या वायगेल्टने पोराचा जीवच घेतला असता.

"कान गेलेला, आता डोळेही गेले."

"अहो, डोळे कसले? ग्लास! ग्लासात बघतो म्हणून ब्रेकमध्ये दिसत नाही."

वायगेल्ट कधी दोन ग्लासांवर गेला नव्हता. सगळ्यांना ते माहीत होतं. आर्नो तिथेच बसला होता आणि रुमालाची गाठ सैल करून पुन्हा बांधत होता.

महिन्याभरात बातमी आली. हार्टविगने वायगेल्टला शर्यतीच्या विभागातून काढून ट्रकच्या विभागात टाकलं होतं.

फ्रीडल सशांसाठी गवत घेऊन दुकानावरून जात होती. टोपली खाली न ठेवताच तिने विचारलं, "ब्रेक ओढत होते?"

"ओढत होते."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती खालच्या वाटेने गेली.

हिवाळ्यात आर्नोने मोटारसायकल विकली. आईला सांगितलं, मनगट धरत नाही. आईने मनगट हातात घेऊन बराच वेळ चोळलं. तिने काही विचारलं नाही, आणि तो तिला मनगट चोळू देत राहिला, हेच त्याला पुढे कितीतरी दिवस खात होतं.

मग एका शनिवारी वायगेल्ट दुकानात आला. सायकलची साखळी तुटली होती. "बघ जरा," म्हणाला आणि स्टुलावर बसला, नेहमीसारखा. आर्नोने साखळी जोडली. दोघं हवेबद्दल बोलले. वायगेल्ट गेला आणि आर्नो मागच्या भिंतीशी जाऊन ओकला.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर तो त्यांच्या घरी गेला. फ्रीडल चुलीपाशी होती.

"काका, ब्रेक ठीक होते. मी भ्यालो."

वायगेल्टने चांगला कान पुढे केला. आर्नोला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"ठाऊक आहे," वायगेल्ट म्हणाला. "भ्यालास त्यात काय? मी तर ती गाडी कारखान्याच्या अंगणाबाहेर कधी नेली नाही. पण आर्नो, ब्रेक कशाला म्हणालास? इंजिन म्हणायचं. इंजिन दुसऱ्याचं होतं." आणि तो खरोखरच हसला.

आर्नोला वाटलं, या माणसाने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

फ्रीडल वळली नाही. तिने पातेल्यातले बटाट्याचे गोळे हलवले. "इथे सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "बाबांना माहीतच होतं. जिथे सांगायचं तिथे सांग."

तो तिथून तडक 'हिरवं झाड'मध्ये गेला. रविवारची भरलेली बैठक. त्याने टेबलावर हात आपटला आणि सांगितलं. ब्रेक चांगले होते, मनगट धडधाकट आहे, मी घाबरलो, पाय उचलला, खोटं बोललो. सगळं सांगितलं. मग क्राम्पने मांडीवर थाप मारली.

"बघा! सासऱ्यासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय! याला म्हणतात आपला उलिग!"

"नाही हो, खरंच—"

"गप रे. तू आणि भीती? चर्चच्या भिंतीला विचारू का?"

सगळे हसले. कुणी त्याची पाठ थोपटली, कुणी फ्रीडलच्या नशिबाचं कौतुक केलं. क्राम्पने बियर मागवून त्याच्यापुढे ठेवली. आर्नो म्हणत राहिला, खरं आहे, खरं आहे, आणि जितकं म्हणेल तितका तो त्यांच्या नजरेत मोठा होत गेला. शेवटी तो खाली बसला आणि ती बियर प्यायला. पुढे तो फ्रीडलला म्हणे, खोटं बोललो त्याची लाज एक, पण ती बियर का प्यायलो?

तो कारखान्यातही गेला. डॉक्टर फोसनी उभ्या उभ्या ऐकलं. "वायगेल्टने स्वतः चूक कबूल केलीय. आता तुम्ही म्हणता तो खोटं बोलला. म्हणजे खोटं बोलणारा मेकॅनिक परत शर्यतीच्या गाड्यांवर घेऊ? जा घरी." आर्नो घरी आला.

फ्रीडलने त्याच्याशी लग्न केलं. का केलं ते तिने कधी सांगितलं नाही, आणि त्याची विचारायची छाती झाली नाही. रविवारी वायगेल्ट जेवायला यायचा. सशाचं मटण, गोळे, आंबवलेली कोबी. तो आर्नोला रस्सा वाढायचा. जेवणानंतर शर्यत असली की रेडिओ लागायचा. वायगेल्ट गुडघ्यांवर हात ठेवून ऐके. गाड्या वळणाजवळ आल्या की त्याचा उजवा पाय हळूच जमीन दाबत असे. त्या वेळी आर्नो अंगणात लाकडं फोडायचा. आमच्या गावात कुणाच्या घरी नव्हती इतकी फोडलेली लाकडं त्यांच्या घरी होती.

मग लढाई आली. ती संपल्यावर हार्टविगच्या शिल्लक राहिलेल्या गाड्या रशियनांनी लाकडी खोक्यांत घालून नेल्या. मिना गेली. क्राम्पच्या कोटावर आता दुसऱ्या पक्षाचा बिल्ला होता. आर्नो आमच्या डोंगरातली बस चालवायला लागला. इतकी सावकाश, की लोक म्हणत, घाई असेल तर चालत जा. नवा प्रवासी आला की कुणीतरी त्याला सांगायचंच, "हा आपला उलिग. जगज्जेता व्हायचा, पण ब्रेकने घात केला." आर्नो पुढे बघून म्हणे, "ब्रेक ठीक होते." आणि सगळी बस हसायची.

एकावन्न साली वायगेल्ट गेला. शर्यतीच्या विभागातले त्याचे जुने सोबती पहिल्या आगगाडीने आले, ठिगळांचे कोट घालून, हातांवर जुने भाजलेले डाग. मातीनंतर घरी कॉफी होती, भाजलेल्या चिकोरीची, आणि केक. त्यांच्यातला एल्स्नर म्हणून एक म्हातारा आर्नोच्या बाजूला येऊन बसला.

"तू तो, नुरबुर्गचा."

"हो. ब्रेक ठीक होते," आर्नो म्हणाला. "मी घाबरलो होतो."

यावर कुणी हसलं नाही. एल्स्नरने केकचा तुकडा कॉफीत बुडवला.

"ते आम्हाला माहितीये. त्याच दिवशी चारी चाकांचे ब्रेक-ड्रम काढून बघितले आम्ही. घड्याळासारखे होते. आम्ही फोसकडे निघालो होतो, कुर्टने दारात अडवलं. म्हणाला, 'माझं काय, ट्रकलाही ब्रेक असतात. त्या पोराला गावात राहायचंय.'" त्याने घोट घेतला. "तेव्हा फार राग होता तुझा आम्हाला. आता नाही. आता काय, गाड्याच राहिल्या नाहीत."

पंधरा वर्षं आर्नोला वाटत होतं की ही गोष्ट खरी मानणारी तीनच माणसं आहेत. विभागातल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. दर सकाळी वायगेल्ट ट्रकच्या विभागात जायला त्यांच्यासमोरून गेला असेल, आणि ते सगळे गप्प बसले असतील. आर्नोसाठी.

फ्रीडल किटली घेऊन आली.

"तुला माहीत होतं? हे दारात अडवल्याचं?"

"बाबांनी सांगितलं होतं. लग्नाआधी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने एल्स्नरचा कप भरला, मग त्याचा. "तुझ्याच्याने सोसलं नसतं," ती म्हणाली.

समोरच्या टेबलावर क्राम्प पाहुण्यांना नुरबुर्गची गोष्ट रंगवून सांगत होता, हाताने वळण काढून दाखवत होता. आर्नो उठला. मग त्याच्या लक्षात आलं की क्राम्पला थांबवून सांगण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तो एल्स्नर आणि इतरांचे कोट आणायला आत गेला. त्यांच्या आगगाडीची वेळ झाली होती, आणि स्टेशनपर्यंत बसने त्यालाच पोचवायचं होतं.