पाचवी सही

माझ्या नणंदेला, तारामतीवन्संना, जन्मात एकदाच कुणी मोटार पाठवली. त्या मोटारीचा मला अजून संताप येतो.

वन्सं मूळच्या वाईच्या. नवरा लवकर गेला म्हणून भावाकडे, म्हणजे आमच्याकडे जयपूरला आल्या. ह्यांची विम्यातली बदलीची नोकरी, आदर्श नगरात दोन खोल्या. पण वन्संनी फुकटचा घास कधी गिळला नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. सत्तावन्न साली ढूंढार एनॅमल नावाच्या कारखान्यानं शेअर काढले. एनॅमलचे मग आणि थाळ्या करणारा कारखाना, दिल्लीच्या शेअरबाजारात नाव लागलेलं. वन्संनी माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचलं आणि थोडे शेअर घेतले. ते बघून शाळेतल्या अकरा जणींनी घेतले. कागद त्यांनी वाचलाच नाही. "तारामती बहनजी ने पढ़ लिया, बस."

चार वर्षांनी कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस आली. त्यात ठराव होता, की कारखान्याचा सगळा माल पाच वर्षं एकाच एजन्सीनं विकायचा. एजन्सी कुणाची ते नोटिशीत नव्हतं. साऱ्या बाजाराला ठाऊक होतं, ती कंपनी चालवणाऱ्या शेटजींच्या धाकट्या मुलाची. आणि तो स्वतःच कंपनीचा डायरेक्टर! डायरेक्टरचा स्वार्थ असेल तर तो नोटिशीत उघड लिहायचा, असा कायदा आहे. वन्संनी पत्र टाकून तेवढंच विचारलं. उत्तर आलं, "सभा में पधारें, समाधान हो जाएगा."

सभेची तारीख बघा. शीतळाष्टमी! त्या दिवशी अर्धं जयपूर चाकसूला शीतळामातेच्या मेळ्याला जातं, उरलेलं घरी आदल्या दिवशीचं थंड जेवतं, चूल पेटवत नाही. आमच्या पंचांगात ती नुसती फाल्गुन वद्य अष्टमी, आम्हाला तिचं काहीच नाही. अकराही जणींनी हात जोडले. "बहनजी, उस दिन तो माता का मेला है."

वन्सं जरा घुटमळल्या. मीच म्हटलं, "मेळा त्यांचा, तुम्हाला काय त्याचं? तुम्हीही गेला नाहीत तर विचारणार कोण?" माझी जीभ तेव्हाच का झडली नाही!

सकाळी दारात मोटार उभी. कंपनीचे मुनीम नंदकिशोरजी कमरेत वाकून म्हणाले, "बाईसाब, सेठजी ने भेजी है." शेजारणी खिडक्यांत आल्या. मी वन्संच्या कानाशी लागले, "घाबरले बरं का शेटजी!" वन्सं हसल्या. निळ्या काठाची इस्त्रीची साडी नेसून, नोटीस पिशवीत घालून मोटारीत बसल्या.

पुढचं त्यांनीच सांगितलेलं. तीस खुर्च्या मांडलेल्या आणि माणसं चार. शेटजी, त्यांचे दोन मुलगे, एक मेहुणा. बाकीची भावकी कलकत्त्याला. चहा झाला तरी सभा सुरू होईना. मुनीमजींनी हजेरीचं पुस्तक पुढं केलं, "पहले दस्तखत." वन्संनी शाळेच्या मस्टरवर करायच्या तशी नीट सही केली. मुनीमजींनी मान हलवली आणि लगेच सभा सुरू झाली.

वन्संनी उभं राहून विचारलं, एजन्सी कोणाची? शेटजी म्हणाले, "बहनजी, घर की बात भी कोई लिखता है?" चार हात वर झाले. विरोधात एक. सात मिनिटांत सगळं आटोपलं. परतीला मोटार नव्हती, वन्सं टांग्यानं आल्या.

आठवड्यानं आम्ही दोघी आमच्या मराठी मंडळातल्या वसंतराव वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "सभेला किती जण होते?"

"मी धरून पाच."

वसंतरावांनी बोटांवर पाच मोजले. मग म्हणाले, "तारामतीबाई, अशा कंपनीच्या सभेला निदान पाच सभासद स्वतः हजर लागतात. दुसऱ्याच्या नावाचे कागद चालत नाहीत. तुम्ही गेला नसतात तर सभा आठवडाभर पुढं गेली असती. तोवर मेळा संपला असता. शेटजींकडे निम्मेही शेअर नाहीत. लोक आले असते तर ठराव पडला असता."

"नोटीस खोटी होती ना?" मी ओरडलेच. "तिचं काय?"

"कोर्टात जाता येईल. निकाल लागेपर्यंत पाच वर्षं संपतील."

शहरातल्या सगळ्या शेअरवाल्यांत त्या दिवशी मोकळं असणारं एकच घर होतं आणि ते त्यांनी बरोबर हेरलं. हक्काच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, पण प्रश्न विचारणारीला मानानं बोलावून नेलं, चहा पाजला आणि तिच्याच सहीनं तिचा गळा कापला. आग लागो त्या मोटारीला! आणि आम्ही दोघी शहाण्या, मेळा आमचा नाही म्हणून मिरवत होतो.

मी म्हटलं, "वन्सं, शाळेत काही बोलू नका. कुणाला कळणार आहे?"

वन्संनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अकरा जणींना गोळा करून त्यांनी सरळ सांगितलं, "वो प्रस्ताव मेरे दस्तखत से पास हुआ है." कोरम म्हणजे काय, सभेला निदान किती जण हजर लागतात, तेही गणितासारखं समजावून दिलं.

संध्याकाळी मी विचारलं, "काय म्हणाल्या हो? भांडल्या?"

"नाही गं. पार्वतीजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, अब से आप कागज हमको भी पढ़कर सुनाया करो." वन्सं पदरानं डोळे पुसत होत्या. "चार वर्षांत मी एकदाही वाचून दाखवला नाही, शालिनी. मला वाटायचं, मी वाचला म्हणजे झालं."