करीमभाईंचं काळवीट

करीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतूरला एका लग्नात माईकवर होतो. नवरीचे मामा कुठंतरी गायब झाले होते आणि ते सापडेपर्यंत वऱ्हाडाला हसवत ठेवायचं काम माझ्याकडं होतं. खिशातला फोन सारखा थरथरायला लागला म्हणून शेवटी मांडवामागं जाऊन उचलला. राजूरहून त्यांची मुलगी बोलत होती. "काका, अब्बा गेले. चहा घेतला, बशी खाली ठेवली अन् गेले." मी तिथंच एका उलट्या पातेल्यावर बसलो... आणि रडू यायच्या आत मनात पहिला विचार आला तो असा, की आता काळवीट माझं.

हे वाचून कुणाला मी फार वाईट माणूस वाटेन. वाटू द्या. पण आधी काळवीट ऐका, मग ठरवा.

करीमभाईंचा राजूरला साऊंडचा धंदा आणि माझा धंदा बोलण्याचा. लग्न, सत्कार, दुकानाचं उद्घाटन, जिथं माईक असेल तिथं मी सूत्रसंचालक. तरुणपणापासून आमची जोडी. माईक त्यांचा, आवाज माझा. स्पीकरचे बॉक्स टेम्पोतून पुढं जायचे आणि आम्ही दोघं आपापल्या मोटारसायकलवर मागून. आमच्या भागात ज्यानं मोटारसायकल चालवलीय त्याला सांगायला नको, की शिवारात हरभरा वर आला की हरणांचे कळप रस्त्यावर यायला लागतात. इथं प्रत्येकाला एकेक हरीण भेटलेलं असतं. कुणाचा आरसा गेलेला असतो, कुणाचा खांदा निखळलेला असतो, तर कुणी शपथेवर सांगतो की हरीण माझ्या गाडीच्या बरोबरीनं पार वेशीपर्यंत पळत आलं. चहाच्या हॉटेलात बसल्यावर ज्याच्याकडं सांगायला हरीण नाही त्यानं गुपचूप चहा प्यावा आणि उठावं, अशी परिस्थिती.

माझं हरीण मला एका थंडीतल्या सकाळी भेटलं. केदारखेड्याला एका गुरुजींचा निवृत्तीचा सत्कार होता. तिकडं फेटा बांधणारा मिळेल न मिळेल म्हणून मी घरूनच भगवा फेटा बांधून निघालो होतो. कोरा होता, शेमला पाठीवर उडत होता आणि मी स्वतःला कुणीतरी सरदार समजत चाललो होतो. करीमभाई हाकेच्या अंतरावर मागं. पुलाच्या अलीकडं, लिंबाच्या झाडाजवळ, तुरीतून एक मादी निघाली आणि तुरुतुरु रस्ता ओलांडून गेली. मी गाडी हळू केली, ती गेली, मी पुन्हा गाडी पळवली. चुकलो ते तिथंच. हरीण क्वचितच एकटं असतं. एक गेलं की मागचं येतंच. मागचं आलं ते काळवीट होतं, चांगलं पिळदार शिंगांचं. त्याला थांबता येईना आणि मला वळता येईना, म्हणून त्यानं सरळ माझ्यावरून उडी घेतली. मी पाहिलं ते फक्त पांढरं पोट. क्षणभर माझ्या डोक्यावर आभाळाच्या जागी पोट होतं. मग फेट्याला काहीतरी लागलं आणि मी गाडीसकट रस्त्याकडेच्या चारीत गेलो. करीमभाई धावत आले, आधी मला उठवलं, मग रस्त्यावर, हरभऱ्यात, बांधापलीकडं फेटा शोधत हिंडले. परत आले ते रिकाम्या हातानं. "न्हाई सापडत, दत्ताभाऊ," ते म्हणाले, "घेऊन गेलं वाटतं."

सत्काराच्या ठिकाणी मी बोडक्या डोक्यानं पोचलो. मंडपामागं कुणीतरी माझ्या गुडघ्याला हळद लावत होतं, तेवढ्यात स्पीकरवरून करीमभाईंचा 'हॅलो, हॅलो' ऐकू आला. रोजच्यासारखा माईक तपासतायत असं मला वाटलं. पण ते थांबेनात. "मी येऊन राह्यल्तो केदारखेड्याला," ते म्हणाले, "डोक्यावर नवाकोरा फेटा..." मला वाटलं हळद डोक्यात गेली. त्यांनी मादी आणली, काळवीट आणलं, पांढरं पोट आणलं. मंडप हसून लोळायला लागला. आणि शेवटी आवाज एकदम खाली घेऊन ते म्हणाले, "अन् आता जाऊन बघा त्या शिवारात. फेटा बांधून नवरदेव हिंडून राह्यलाय हरभऱ्यात. कळपातल्या समद्या माद्या लाजून राह्यल्या." सत्कारमूर्ती गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यानंतर मी दोन तास बोललो. काय बोललो ते गुरुजींनाही आठवत नसेल.

परतीच्या वाटेवर मी गाडी त्यांच्या गाडीला आडवी घातली.

"करीमभाई, गाडीवर मी होतो."

"बराबर."

"फेटा माझा होता."

"बिलकुल."

"मंग?"

"मंग काय, तुम्ही सांगितलं असतं तर त्यात गुडघाच आला असता."

याचा राग मला इतकी वर्षं पुरला, कारण ते खरं होतं. मी घरी गेल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा सुरुवातच गुडघ्यापासून केली होती. तो नवरदेव मला सुचला नव्हता. बोलण्यावर पोट असलेल्या माणसाला, माईकच्या वायरी गुंडाळणाऱ्या माणसाचं एक वाक्य आयुष्यभर टोचत राहावं, हे दुःख ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. पुढं तर प्रत्येक कार्यक्रमात माझं आटोपलं की मागून हाक यायची, "करीमभाई, काळवीट होऊ द्या." दर वेळी त्यात नवं काही असायचं. एका वर्षी मीही त्यात आलो, त्यांच्या मागच्या गाडीवर बसून 'वाचवा वाचवा' ओरडणारा. मी एकदा राजूरला, ते नसताना, धीर करून माझं काळवीट माझ्या नावानं सांगितलं. पहिल्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या हळू, "करीमभाईचं चोरलं राव यानं."

आणि ते लिंबाचं झाड. तिथून जाताना करीमभाई दर वेळी गाडी थांबवायचे, इंजिन बंद करायचे आणि तुरीकडं तोंड करून बसायचे. मी घाईत असलो तरी. मागून येणारा एखादा विचारायचा, "काय झालं चाचा, पेट्रोल संपलं का?" ते म्हणायचे, "न्हाई बाबा, एक गेलं, मागचं येऊन राह्यलंय. थांब जरा." मग तोही थांबायचा. मी शेजारीच उभा असायचो आणि मला स्वच्छ दिसत असायचं की कुठलंही हरीण गेलेलं नाही. मला वाटायचं, हा माणूस माझ्या काळविटावर पहारा बसवतोय. माझ्या अंगाची आग व्हायची... तरी मी थांबायचो. एकट्यानं पुढं जायला आवडायचं नाही.

त्यांच्या चाळीसाव्या दिवसाच्या विधीला मी तयारी करून गेलो. जेवणं झाली की लोक काळवीट काढणार हे ठरलेलं होतं, आणि आज खरं सांगायचं, गुडघा वगळून सांगायचं, असं मी आरशासमोर उभं राहून पक्कं केलं होतं. पण पंगत उठायच्या आत करीमभाईंच्या बायकोनं, रुकैयाभाभींनी, मला आत बोलावलं. कपाटातून त्यांनी एक पिशवी काढली. त्यात धुऊन, घडी घालून ठेवलेला भगवा फेटा होता. एका ठिकाणी बोटभर फाटलेला, आणि तो फाटका भाग कुणीतरी बारीक टाक्यांनी शिवलेला.

"तुमची अमानत, भाऊ," भाभी म्हणाल्या. "त्याच रोजी शर्टात कोंबून आणल्ता."

मी त्या टाक्यांवर बोट ठेवून शिंग किती आत गेलं असेल ते मोजलं.

"मी किती बोलले, जिसका है उसको देव. तर म्हणायचे, फेटा सापडला की किस्सा मरतो." त्या फेट्यावरून हात फिरवत राहिल्या. "पण घरात कधी खोटं सांगितलं न्हाई त्यांनी. घरात गाडीवर तुम्हीच असायचे. बोलायचे, रुकैया, उमर गेली त्या रस्त्यावर, माझ्यासमोर एक आलं न्हाई. अन् दत्ताला बघ, डोक्यावरून गेलं, डोक्याला हात लावून गेलं. म्हणून तर झाडाजवळ थांबायचे येडे. कधी तरी आपल्यालाबी येईल म्हणून."

खरं सांगतो, त्या घरात, त्या दिवशी, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. करीमभाई माझ्यावर जळत होते. मी त्यांच्या वाक्यावर जळत होतो आणि ते माझ्या काळविटावर. एकाच झाडाखाली, दोन गाड्यांवर, शेजारी शेजारी. आणि तो आनंद पुरता भोगायच्या आत मला दिसलं ते तुरीकडं लागलेलं त्यांचं तोंड, आणि मला रडू आलं ते तेव्हा. बाहेर आल्यावर लोक म्हणाले, "दत्ताभाऊ, आता तुम्हीच सांगा काळवीट." मी म्हणालो, आज नको.

मागच्या आठवड्यात केदारखेड्याला एक कार्यक्रम होता. पुलाच्या अलीकडं माझी गाडी आपोआपच थांबली. इंजिन बंद केलं, फेट्याची पिशवी मांडीवर घेतली, तुरीकडं बघत बसलो. काही गेलं नव्हतं, काही येत नव्हतं. मागून एक तरणा गडी आला, त्यानं गाडी हळू केली. "काय झालं काका, पेट्रोल संपलं का?"

"न्हाई बाबा," मी म्हणालो. "एक गेलं, मागचं येऊन राह्यलंय. थांब जरा."

त्यानंही इंजिन बंद केलं. मग, वेळ जात नव्हता म्हणून, त्याला सांगायला लागलो... मादी, काळवीट, पांढरं पोट, हरभऱ्यातला नवरदेव. तो इतका हसला की त्याची गाडी स्टँडवरून कलली.

"कुणासमोर आल्तं हे, काका?"

मी मांडीवरची पिशवी नीट केली.

"करीमभाईंसमोर," मी म्हणालो. "पण फेटा माझा होता."