शेवटच्या बाकावरची आत्या

माझ्या आत्याइतकी भाविक आणि माझ्या आत्याइतकी भांडकुदळ बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही, आणि हे दोन्ही गुण तिला एकदमच, रविवारी सकाळी चर्चमध्ये चढतात. शेवगावात आमच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या येशूची भजनं अभंगाच्या चालीवर गायली. पेटीवर आत्या असायची. मग नवे पास्टर आले. पेटी कपाटावर गेली, ड्रम आले, भिंतीएवढे स्पीकर आले, आणि आत्याच्या तोंडाला विसावा उरला नाही. "शेजाऱ्याला सांगा, तू आशीर्वादित आहेस!" असं पास्टर ओरडले की सगळे मुकाट्याने शेजाऱ्याकडे वळतात. एकदा आत्याही वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, पोलकं उसवलंय तुझं काखेत. घरी गेल्यावर टाका घाल." नाताळात स्टेजवर धूर सोडायचं यंत्र आणलं, तर हिने तांब्याभर पाणी नेऊन त्यावर ओतलं. "मला वाटलं आग लागली," असं ती अजून सांगते. शपथ घेऊ नये असं शास्त्रात असूनही शपथेवर सांगते.

'गरीब ते धन्य' म्हणणाऱ्या प्रभूच्या नावाने हे पास्टर गाडी, बंगला आणि परदेशचा व्हिसा मागायला शिकवतात, याची चीड मलाही येते. मी ती घरी येऊन बायकोपुढे काढतो. आत्या जागेवरच काढते.

पण हसण्यावारी नेता येणार नाही असं घडलं ते चर्चच्या आरोग्यसभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेत. आत्याची शेजारीण सगुणामावशी, एकटी राहणारी, शुगरने बेजार. बाहेरून आलेल्या प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये गर्जना केली, "गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास!" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आत्या उठून उभी राहिली.

"मग तुमच्या नाकावरचा चष्मा काढा आधी!"

दोन स्वयंसेवकांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. अपमान झाला असं मात्र मावशीला वाटलं. "माझ्या इश्वासाला नाट लावतीस व्हय? आजपास्नं माझ्याशी बोलू नको," असं म्हणून तिने गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. आत्या दारात जाऊन हात जोडायची, मावशी कडी लावून घ्यायची.

एका सकाळी ती कडी उघडेचना. आत्याने माणसं गोळा करून दार मोडलं, शुद्ध हरपलेल्या मावशीला टेम्पोत घातलं आणि नगरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. चिघळलेल्या पायाची बोटं काढावी लागली. पास्टर भेटायला आले, प्रार्थना केली, आणि निघताना हळूच म्हणाले, "विश्वास जरा कमी पडला."

"विश्वास पुरेपूर होता तिचा," आत्या म्हणाली. "तुमच्यावर ठेवला, एवढंच चुकलं." या माणसाच्या चर्चची पायरी पुन्हा चढणार नाही, असं तिने सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

घरी आल्यावर मावशी गोळ्या घेऊ लागली, आत्याशी बोलूही लागली. मग एका रविवारी पांढरं लुगडं नेसून दारात उभी. "मला चर्चला न्हेतीस का गं? एकटीला पायऱ्या चढवत न्हाईत."

"अजून तिथंच?" आत्या कडाडली.

"दुसरीकडं कुठं जाऊ? माझं लगीन तिथं झालं. धन्याला मातीला न्हेलं ते बी तिथनंच."

आता दोघी दर रविवारी शेवटच्या बाकावर असतात. परवा मीही बसलो होतो. ड्रम दणाणत होते, मावशी डोळे मिटून टाळ्या वाजवत होती, ताल सोडून. आत्या कानात कापसाचे बोळे घालून, कपाळाला आठ्या घालून, मावशीचा लंगडा पाय नीट टेकलाय का ते पाहत होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत्या, राग गेला का?"

"जातोय कुठला!" ती म्हणाली. मग पुढे थांबलेल्या मावशीकडे पाहत आवाज खाली आणून म्हणाली, "पण मला नावानं हाक मारणारी तेवढी एकच राहिलीय रे आता."