डब्याआधी एक गोळी

तांबोळी मॅडम पेशंटला पहिला प्रश्न विचारायच्या, तो दुखण्याचा नसायचा. समोरचा माणूस पोट धरून कण्हत असला तरी त्या आधी विचारणार, “डबा कधी खाता?” नवखा माणूस गोंधळायचा. एकदा एका कामगाराला वाटलं, बाई जेवायचा आग्रह करताहेत. तो लाजत म्हणाला, “नगं मॅडम, आत्ताच खाऊन आलोय.” औषधाच्या खिडकीत बसल्या जागी मला हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. “कशाला खाऊन आलात? रक्त उपाशीपोटी तपासायचं होतं,” म्हणाल्या आणि त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

तळेगाव ढमढेऱ्याला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता, तिथं मी औषधं द्यायचो. मॅडम गावातल्याच. तांबोळ्यांची कितवी पिढी कोण जाणे, वडिलांचं बाजारपेठेत पानाचं दुकान. डॉक्टर होऊन पोरगी पुण्यात राहील असं सगळ्यांना वाटलं होतं, ती एसटीनं परत आली. बुटक्या, चालण्यात घाई, आवाज खणखणीत. त्यांचं अक्षर मात्र भयंकर. त्यांच्या चिठ्ठ्या तालुक्यात फक्त मला वाचता यायच्या आणि खरं सांगतो, याचा मला जरा माजही होता.

त्या चिठ्ठीत सकाळ, दुपार, रात्र हे शब्द क्वचितच असत. ‘डब्याआधी एक’, ‘डब्यानंतर एक’, एवढंच. कारण तोवर आमच्या भागात कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि घरटी एक माणूस शिफ्टला जात होता. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्यात सेकंड, मग थर्ड. थर्डवाल्याचं जेवण रात्री कंपनीत, आणि सकाळ झोपेत. मी एकदा विचारलं, हे डब्याचं खूळ आलं कुठून? मॅडम म्हणाल्या, “आमच्या अब्बांना शुगर होती आणि रोजे सोडायचे नव्हते. मग गोळी पहाटे सहेरीला द्यायची की संध्याकाळी इफ्तारला, यात माझं अर्धं शिक्षण झालं. दिलीपराव, औषध घड्याळ बघत नाही, पोट बघतं.”

पुढे दवाखान्यात कॉम्प्युटर आला. ट्रस्टच्या चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि नियम सांगितला: यापुढे प्रत्येक चिठ्ठी कॉम्प्युटरमधूनच निघेल, डॉक्टरांची खाली सही लागेल, आणि हातानं लिहिलेलं किंवा खोडलेलं काही खिडकीत घ्यायचं नाही. मला वाटलं, आता मॅडम भडकणार. पण त्या म्हणाल्या, “अक्षराच्या बाबतीत साहेबांचं बरोबर आहे. दिलीपराव उद्या आजारी पडले तर माझे पेशंट कुणाच्या तोंडाकडं बघतील?” आणि पन्नाशीच्या या बाई शिरूरला टायपिंगच्या क्लासला जाऊन बसल्या, कॉलेजच्या पोरींच्या रांगेत. एका बोटानं का होईना, टाइप करू लागल्या.

घोळ वेगळाच होता. कॉम्प्युटरमध्ये औषधाच्या वेळा आधीच भरलेल्या होत्या. सकाळी, दुपारी, रात्री. यातलं एक निवडल्याशिवाय चिठ्ठी बाहेर येईना. मॅडम ‘सकाळी’ निवडायच्या आणि पेशंटला तोंडानं बजावायच्या, “कागदावर काही असू दे, गोळी डब्याआधी घ्यायची. व्हय ना?” पेशंट व्हय म्हणायचा.

केंदूरचे सोपानराव असेच व्हय म्हणून गेले. धनगराचं घर, वडील मेंढरं राखायचे, हे कंपनीत चिकटलेले. साधा, सांगितलेलं ऐकणारा माणूस. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी आले, चिठ्ठी बघून शुगरची गोळी घेतली आणि काही न खाता झोपले. बायको उठवायला गेली तर अंग घामानं चिंब, बोलणं बरळल्यासारखं. ती माउली शहाणी. तोंडात साखर घातली, जीप बघितली आणि दवाखान्यात आणलं. सलाइन लागलं, तासाभरानं माणूस भानावर आला.

“सोपानराव, मी डब्याआधी सांगितलं होतं ना?” मॅडमनी विचारलं.

“सांगितलं हुतं की. पर कागदावर सकाळी हुतं. तुमी बोलण्यात चुकला असाल म्हनलं. छापल्यालं कसं चुकंल?”

मॅडमचा हात सोपानरावांच्या मनगटावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेअरमनसाहेबांना सरळ सांगितलं, “कॉम्प्युटरमध्ये डबा घाला. तोवर शिफ्टच्या माणसाच्या चिठ्ठीवर मी सही करणार नाही.” सही नाही म्हणजे औषध नाही. साहेबांचा पारा चढला. ते म्हणाले, पुण्यामुंबईचे मोठमोठे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ लिहितात, त्यांची माणसं मरतात का? आणि नियम पटत नसेल तर दुसरा डॉक्टर मिळेल.

“मिळेल की,” मॅडम म्हणाल्या. “पण त्यालाही सोपानरावच तपासावे लागतील.”

मग सुरू झाली ती रस्सीखेच. मॅडमनी एकही पेशंट परत पाठवला नाही. पदरच्या पैशानं गोळ्या आणून टेबलावर ठेवल्या आणि शिफ्टवाल्यांना रोजच्या रोज स्वतःच्या हातानं द्यायला लागल्या. कामगार कंपनीत जाता जाता गोळी न्यायचे आणि डब्यात, भाकरीच्या वर ठेवायचे. म्हणजे डबा उघडला की आधी गोळीच हाताला लागायची. रांग दुपार कलेपर्यंत हलेना. मॅडमचा स्वतःचा डबा मात्र टेबलाखाली तसाच. आणि शुगर त्यांनाही होती, अब्बांकडून आलेली. मी चिडून म्हणालो, “मॅडम, तुमचा डबा कधी?” तर म्हणाल्या, “माझी चिठ्ठी अजून छापून आली नाही.” असा राग यायचा या बाईचा.

शेवटी साहेबांनी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलाला पुण्याहून बोलावलं, बाईंना समजावून सांग म्हणून. मुलगा हुशार होता, नम्रही होता. तो म्हणाला, “मॅडम, डबा ही वेळ नाहीये.”

“इथं तीच वेळ आहे,” मॅडम म्हणाल्या. “बसा माझ्याशेजारी. आजचे पेशंट तुम्ही विचारा.”

त्याला विचारायला लावलं. एकजण म्हणाला डबा पहाटे खातो, दुसरा दुपारी, तिसरा म्हणाला, “ह्या आठवड्यात का म्होरल्या?” मुलगा लिहून घेता घेता थांबला. जेवायच्या सुट्टीत त्यानं आपला डबा उघडला, मॅडमना म्हणाला, “तुम्हीही उघडा.” मॅडमनी मुकाट्यानं उघडला. संध्याकाळी जाण्याआधी त्यानं यादीत दोन शब्द वाढवले: डब्याआधी, डब्यानंतर. साहेब यवतच्या एका लग्नातून परतले तेव्हा चिठ्ठ्या छापून निघत होत्या आणि खाली सह्या होत्या. त्यांनी एक चिठ्ठी वाचली, परत ठेवली आणि स्टाफच्या रजेचे अर्ज सहीला मागितले. विषय तिथं संपला.

मॅडम पुढे काही वर्षांनी गेल्या. शुगरनं मूत्रपिंडं खाल्ली. शेवटपर्यंत ओपीडी सोडली नाही. दफनाला कंपनीचे इतके लोक आले की सेकंड शिफ्टच्या बस रिकाम्या गेल्या. सोपानराव माझ्याशेजारी उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली. एक नवीन पोरगा चिठ्ठी घेऊन आला, हातात हेल्मेट, गळ्यात कंपनीचं कार्ड. चिठ्ठीवर नव्या डॉक्टरांची सही होती आणि वर ठळक छापलेलं होतं, डब्याआधी एक. मी गोळ्यांची पट्टी कापली, पाकिटात घातली, पण पाकीट हातातून सुटेना. समोर पोरगा वाट बघत होता.

“काय झालं मामा?”

“काही नाही,” मी म्हणालो. “डबा कधी खातोस?”