पाइपाचं तोंड

रोह्याबाहेरच्या एका कारखान्यात मी फिटरचा हेल्पर होतो. जादा झालेली वाफ बाहेर सोडायला छपरावर एक पाइप होता. ती वाफ खाली उतरायची आणि साहेबांच्या गाड्यांवर डाग पडायचे. साहेब म्हणाले, तोंड बारीक कर, वाफ उंच जाऊ दे. बारा इंची तोंड काढून मी सहा इंची बसवलं. गाड्या स्वच्छ राहिल्या आणि आमच्या वाडीवर आवाज सुरू झाला.

पुढं मी रिटायर झालो आणि बायकोला अर्धांगवायू झाला. दुपारी वाफ सोडली की ती डोळे मिटून चांगल्या हातानं खाटेची पट्टी धरायची. "अवो, बंद करा ना तो," एवढंच म्हणायची. मी तक्रार दिली. निकाल लागायच्या आत ती गेली. आवाजानं मेली असं मी म्हणत नाय. तिला शेवटी दुपारची झोप मिळाली नाय, एवढं मी पाहिलंय.

मग ग्रामपंचायतीत बैठक लागली. साहेब आले, सोबत पुण्याचा एक तरुण इंजिनियर. त्यानं भिंतीवर कॉम्प्युटरचं रंगीत चित्र दाखवलं. पाइपातून सुटलेली वाफ थांबलेल्या हवेवर घासते, भोवरे पडतात, आवाज त्या भोवऱ्यांचा. कुंडलिकेला पूर आला की पुलाच्या खांबामागं पडतात, अगदी तसे भोवरे. पोरगा हुशार होता. त्याचं गणित सांगत होतं की वाडीवर आवाज नियमात आहे.

"ह्याच्या गणितात आपली वाडी अलिबागेत असंल," शेजारीण मागून म्हणाली.

मी गरीब तोंड करून त्या पोराला विचारलं, "वाफेचा वेग दुप्पट झाला तर आवाज दुप्पट व्हतो का, साहेब?"

"नाही काका. अडीचशे पट." त्याला सांगायला आवडत होतं. मागच्यांना ऐकू जावं म्हणून मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

"आन् पाइपाचं तोंड केवढं धरलंय?"

"ड्रॉइंगप्रमाणे. बारा इंच."

"सहा हाय. ह्या तुमच्या साहेबांच्या सांगण्यावरनं मीच बसवलंय. तेवढीच वाफ अर्ध्या तोंडातनं काढली तर वेग?"

"चौपट. व्यास अर्धा, म्हणजे जागा पाव," तो हळू म्हणाला.

"आता आवाज सांगा."

त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब मोबाइल बघत होते.

"सांग की रं बाबा, लाजतोस काय?" शेजारीण म्हणाली. त्यानं लॅपटॉप मिटला. बायको गेल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

पंधरा दिवसांत तोंड बदललं. आता दुपारी घर शांत असतं. मला त्या शांततेचा काय उपयोग नाय.

तक्रार बंद करायला माझी सही लागते. त्यापायी साहेबांची बढती अडलीय म्हणतात. ते स्वतः घरी आले.

"आता आवाज येतो का, काका?"

"नाय."

"मग सही करा ना."

"तिची घ्या."

ते सहा इंची तोंड माझ्या हातानं बसलं, त्याची शिक्षा मी घरात बसून भोगतोय. त्यांनीही भोगावी. ते अजून येतात. मी चहा देतो, कागद शेवटपर्यंत वाचतो आणि पेन परत देतो.