राहनाळच्या पाटलांसाठी स्लाइड

आधीच सांगतो, मी भूतखेत म्हटलं की हसणारा माणूस. भिवंडीजवळ राहनाळला राहतो, तिथेच गोदामात सुपरवायझर आहे. रात्रपाळीला "साहेब, मागच्या शेडमध्ये कुणीतरी चालतं" म्हणणाऱ्यांना मी आजवर कधी ड्युटी बदलून दिलेली नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

भिवंडीतल्या एका जुन्या टॉकीजने गाजलेले सिनेमे पुन्हा लावले होते. शुक्रवारी रडका कौटुंबिक, शनिवारी डाकूंचा, आणि रविवारी तो भुताचा, ज्याला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं आणि आता पोरं डोक्यावर घेऊन नाचतात. यादी व्हॉट्सॲपवर आली, ती मी आबांना वाचून दाखवली. आबा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, तेव्हापासून पलंगावरच. शुक्रवारचा सिनेमा त्यांनी तरुणपणी सात वेळा पाहिलेला.

"मना ने रं," म्हणाले. बोलणं अडखळत यायचं.

"आबा, तिकडे किती पायऱ्या आहेत! कसं नेऊ?"

मग म्हणाले, "जा तू. सगला बघून ये, मंग सांग मना."

मी चुलतभावाला, जयवंतला, घेऊन तीनच्या शोला गेलो. शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, त्यामुळे हॉल भरलेला. इंटरव्हल झाला, सिनेमा परत सुरू झाला, आणि पाच-दहा मिनिटांत पडद्याच्या खालच्या बाजूला अक्षरं उमटली... हाताने लिहिलेली, शाई जरा ओघळलेली –

'मु. राहनाळ, पाटील यांनी ताबडतोब घरी जावे.'

ज्यांनी जुनी टॉकीज पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मोबाइल नव्हते तेव्हा कुणाच्या घरून निरोप आला की टॉकीजवाले काचेच्या तुकड्यावर तो लिहून चालू सिनेमात पडद्यावर टाकायचे, तीच स्लाइड. तो माणूस अंधारात चपला शोधत बाहेर पळायचा. मला वाटलं, जुन्या सिनेमासोबत जुनी गंमतही ठेवलीय. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली.

जयवंत हसत म्हणाला, "ही तुज्यासाठी हाय का माज्यासाठी?"

"निम्मं राहनाळ पाटील आहे," मी म्हटलं. "उठलं तर सगळ्यांनीच उठायला पाहिजे."

फोन काढून बघितला, एकही मिस्ड कॉल नव्हता. पडद्यावरची अक्षरंही गेली. आम्ही शेवटपर्यंत बसलो.

सहा वाजून गेल्यावर घरी पोचलो. आबांच्या खोलीत टीव्ही चालू होता. वैशाली, माझी बायको, म्हणाली, "आबांना चहा देऊन मी गच्चीत वाळत घातलेला मसाला काढायला गेले होते. आत्ताच आले. झोपलेत वाटतं, आवाज नाही त्यांचा." मी दार ढकललं. आबा पलंगावरून अर्धे खाली लोंबत होते, तोंड दाराच्या बाजूला. अंग गार पडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास झाला असावा. वैशाली इतकी रडली की तिला आवरता येईना. मी तिला एक शब्द बोललो नाही... कुठल्या तोंडाने बोलणार होतो?

तेरावं झाल्यावर टॉकीजवर गेलो. मॅनेजर वयस्कर, भला माणूस. माझं ऐकून आधी हसला, मग माझा चेहरा बघून खुर्ची पुढे केली.

"स्लाइड की मशीन? वो तो कबकी भंगार में गई, साहब." त्याने मला वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये नेलं. कुलूप लावलेला एक डिजिटल डबा, बस. ज्या भोकातून पूर्वी स्लाइड टाकायचे ते विटा लावून बुजवलेलं होतं. मी प्लास्टरवर हात फिरवून पाहिला.

जयवंतला भास झाला म्हणावं, तर मलाही झाला? आणि शिट्टी मारणाऱ्यालाही? घरात तर कुणालाच काही कळलेलं नव्हतं, मग निरोप धाडला कुणी? बाइकवरून टॉकीज ते घर पंधरा मिनिटं. लोक समजूत घालतात, "पोचला असतास तरी काय केलं असतंस?" निदान जवळ तरी असतो ना...

ती स्लाइड कुणी लावली, हे मला आजही सांगता येत नाही. मी का उठलो नाही, हे मात्र सांगता येतं. सिनेमा रंगात आला होता.